थोरला, मधला आणि हत्तुरे सर

मी हत्तुरे सरांकडं पहिल्यांदा काही मागितलं ते लाल पेन. शाळेत लागून माझा तिसरा दिवस होता, टेबलावर चाचणीचे पेपर पडले होते आणि माझं पेन घरी राहिलं होतं. शेजारच्या खुर्चीवर मराठीचे हत्तुरे सर बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, कपाळाला विभूती आणि खिशाला ओळीनं तीन लाल पेनं. मी आपलं अदबीनं विचारलं, "सर, एक पेन देता का जरा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खिडकीकडं तोंड करून जाड आवाजात म्हणाले, "नाही."

मी पेपर नुसतेच चाळायला लागले. पाच मिनिटांनी पीटीचे गायकवाड सर आले आणि त्यांनीही पेन मागितलं. त्यांच्याकडं बघून हत्तुरे सरांनी मान खाजवली, चेहरा गोड केला आणि म्हणाले, "दिलं असतं की गायकवाड, पण रिफिलीचं आज काही खरं नाही बघा." मग शिपाई अंबादास हजेरीपट घेऊन आला. "सर, सही राहिलीय, पेन द्या की," एवढंच तो म्हणाला. तर हत्तुरे सर खुर्चीतनं उठले, टोपी नीट केली, खिशातली तिन्ही पेनं काढली आणि दोन्ही हातांनी अंबादासच्या ओंजळीत ठेवली. "घ्या," म्हणाले. अंबादासनं ती खिशाला लावली आणि रोजचंच असल्यासारखा निघून गेला.

मी गणिताची बाई. माझं डोकं लवकर तापतं, हे माझ्या सासरी-माहेरी सगळ्यांना माहीत आहे. नव्या बाईला एक पेन देत नाही आणि शिपायाला तीन देतो, हा कसला माणूस? मी गायकवाड सरांना व्हरांड्यात गाठलं. ते हसायला लागले. "बाई, तुमचा नंबर पहिला लागला, त्याला सर काय करणार? तुम्हाला थोरला भेटला. मला मधला भेटला. अंबादास नशीबवान, त्याला धाकटा भेटला."

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून मी त्या दिवशी कपाळावर हात मारला होता, आणि पुढं बावीस वर्षं अधूनमधून मारत राहिले.

गोष्टीत तीन भाऊ असतात ना, तसं ते होतं. तिघं नशीब काढायला घरातनं निघतात. वाटेत कुणीतरी म्हातारी नाहीतर बैरागी भेटतो आणि काहीतरी मागतो. थोरला उर्मटपणे नाही म्हणतो. मधला गोड बोलून सबब सांगतो. धाकटा असेल ते देऊन टाकतो, आणि मग त्याचं भलं होतं. हत्तुरे सरांचा या गोष्टींवर पूर्ण विश्वास. अडचण एकच होती, की सर आईवडलांचे एकुलते एक. ते स्वतःच एकदा मला म्हणाले, "मला भाऊ नाहीत की हो बाई. मग तिघांचं काम मला एकट्यालाच करावं लागतं."

म्हणून त्यांचा नियम असा की एका वस्तूला तीन मागणारे यायचे. पहिल्याला नाही. दुसऱ्याला सबब. तिसऱ्याला ती वस्तू कायमची, काही न विचारता. एकाच माणसानं तीनदा मागितलं तर तो एकच धरायचा. पाणी, भाकरी आणि औषध यांना मोजदाद नाही, ती पहिल्यालाच द्यायची. मी विचारलं, "सर, थेट पहिल्यालाच का देत नाही? दोन माणसं फुकट दुखावतात." तर म्हणाले, "थोरल्या-मधल्यानं नाही म्हटलंच नाही, तर धाकट्याला कोण ओळखणार?" 

शाळेला हे पाठ झालं होतं. सकाळी स्टाफरूममध्ये आल्याबरोबर लोक विचारत, "आज छत्रीचा कितवा चाललाय?" कुणाला खरंच नड असली की तो आधी दोघांना पुढं पाठवायचा. असं संगनमत सरांना कळायचं, पण चालायचं. एका एप्रिलमध्ये, म्हणजे सोलापुरात डांबर चपलेला चिकटतं त्या दिवसांत, सरांनी नव्या कोल्हापुरी चपला घेतल्या. दोघांनी गंमत म्हणून मागून झाल्या होत्या. अंबादासला यातलं काही माहीत नव्हतं. तो आला आणि म्हणाला, "सर, टाकीपर्यंत जाऊन येतो, जरा चपला द्या." सर उठले, टोपी नीट केली. झालं. अंबादास टाकीवरनं आला तोवर सर अनवाणी गेटाबाहेर पडले होते. हा चपला हातात घेऊन मागनं पळतोय आणि सर पुढं, तापलेल्या रस्त्यावर उड्या मारत, सावली धरून चाललेत. "सर, घाला की ओ." "दिलेलं परत घेत नाहीत अंबादास." अंबादासचा पाय नऊ नंबरचा आणि चपला सातच्या. बिचाऱ्यानं भीडेखातर दोन वर्षं त्या वापरल्या आणि टाचा मागं लोंबत ठेवून घंटा दिली.

शनिवारी सकाळी शेवटचा तास सरांचा गोष्टींचा असायचा. मी शेजारच्या वर्गात असायचे, मधली भिंत नावाला. सर सुरुवात नेहमी अशी करायचे, "एका गावात तीन भाऊ होते. त्यातले दोन तुमच्याआमच्यासारखे होते." मुलं हसायची. आमची बरीचशी मुलं विणकरांच्या घरची, घरात तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी. सर मध्येच कानडीतही घुसायचे, कारण त्यांचं गाव अक्कलकोटच्याही पलीकडं. पण मुलं कुठं अडायची नाहीत. देण्याघेण्याबद्दल सरांची मतं ठाम होती. अर्धं राज्य देणाऱ्या राजाला ते उदार मानायचे नाहीत. म्हणायचे, "त्याच्याकडं उरलेलं अर्धं असतंय की. त्यापेक्षा डब्यातली अर्धी पोळी देणारा मोठा." एकदा सहावीतल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, राजकन्येला का देतात? तिला विचारलं का कुणी?" सर आठवडाभर विचारात होते. जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, पोरगी बरोबर बोलली की." पुढच्या शनिवारपासून त्यांच्या गोष्टींतल्या राजांनी राजकन्या देणं बंद केलं. ते अर्ध्या राज्याबरोबर दोन म्हशी द्यायला लागले.

एक गोष्ट मात्र सरांच्या कधी आवाक्यात आली नाही. तीन भावांचीच, सगळ्यांत जुनी. त्यांची आवडती असूनही दर वर्षी शेवटाला घोटाळा. विहिरीवर म्हातारी भेटते, थोरला भाकरी देत नाही, मधला देत नाही, धाकटा सगळी देतो. म्हातारी भाकरी हातात घेते, पदराखाली हात घालते, आणि नेमकी बेल. मुलं ओरडायची, "सर, काय काढलं?" सर पुस्तकं आवरत म्हणायचे, "पुढच्या शनिवारी." पुढच्या शनिवारी दुसरीच गोष्ट. मला वाटायचं, चांगला शिकवणारा माणूस, पण वेळेचं गणित कच्चं.

आता त्यांच्या मिसेस. महानंदा वहिनी. या बाईंनी काय सोसलं असेल ते मीच जाणे, कारण त्या सगळं मलाच सांगायच्या. "आमच्या घरात तीन पुरुषमाणसं आहेत बाई, आणि तिन्ही हेच." घरातला कुकर गेला, पाहुण्यांसाठी ठेवलेली चादर गेली, भिंतीवरचं घड्याळ भिंतीवरनं गेलं. शेवटी वहिनी शहाण्या झाल्या. सर दर रविवारी वही घेऊन खेडोपाडी गोष्टी गोळा करत हिंडायचे. मेंढकऱ्यांच्या वाड्यांवर, मागावर बसणाऱ्या बायकांपाशी, कुठंही. वहिनींच्या वाट्याला नवरा सहाच दिवस, तोही शाळेतनं दमून आलेला. तर वहिनींनी एकदा बहिणीला बोलावलं आणि तिच्याकडनं म्हणवलं, "दाजी, तुमचा रविवार द्या की आम्हाला." सर खिडकीकडं बघून नाही म्हणाले. मग शेजारणीला उभं केलं. तिला सबब मिळाली. मग वहिनी स्वतः पुढं झाल्या, "तुमचा रविवार मला द्या."

सर उठले, टोपी नीट केली आणि रविवार देऊन टाकला. तेव्हापासून रविवार वहिनींचा. त्या दिवशी सर शेंगा सोलायचे, पंखे पुसायचे, चटणी कुटून द्यायचे आणि वहिनींच्या माहेरी जाऊन गप्प बसायचे. गोष्टी गोळा करणं तिथं थांबलं. त्याबद्दल त्यांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द मी ऐकला नाही. तोवर सात वह्या भरल्या होत्या. जाडजूड, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, मोराच्या नक्षीच्या एका सोलापुरी चादरीत बांधून ट्रंकेत ठेवलेल्या. सर घरातलं काहीही द्यायला तयार असायचे, पण त्या ट्रंकेकडं कुणी नुसतं बघितलं तरी त्यांचा आवाज बसायचा.

आणि तिथंच पुढं सगळं अडलं.

गेल्या वर्षी सर रिटायर झाले. निरोपाला आम्ही रीतीप्रमाणं टॉवेल, टोपी, नारळ आणि तीन चादरी दिल्या. स्टेजवरनं गेटापर्यंत येताना चादरींना तिसरे मागणारे भेटले आणि सर घरी नारळ घेऊन पोचले. पण त्याआधी आमच्या मोठ्या बाई माइकवर बोलल्या. भाषणाच्या भरात त्या म्हणाल्या, "सरांनी आयुष्यभर जमवलेल्या गोष्टींच्या वह्या आपल्या ग्रंथालयाला द्याव्यात, अशी मी जाहीर मागणी करते." टाळ्या पडल्या. सर उभे राहिले. मांडवात खिडकी नव्हती, म्हणून ते लाउडस्पीकरकडं तोंड करून जाड आवाजात म्हणाले, "नाही." टाळ्या मध्येच थांबल्या. मोठ्या बाई हातात नारळ धरून तशाच उभ्या. पाहुण्यांना वाटलं, सरांचं शाळेशी भांडण आहे. स्टाफमधल्या आम्ही मात्र एकमेकांकडं बघितलं. वह्यांना पहिला लागला होता.

दुसरा लागायला महिना गेला नाही. वहिनींचा भाचा चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. त्याला मोबाइलवर गोष्टींचा चॅनेल काढायचा होता. तो आला आणि म्हणाला, "काका, त्या वह्या द्या की, तुम्हाला फेमस करतो." सर मान खाजवत म्हणाले, "दिल्या असत्या रे राजा, पण दमट झाल्यात, तुला खोकला होईल." भाचा गेला आणि सर मटकन खाली बसले. आता जो कोणी मागेल तो तिसरा. त्याला सातही वह्या द्यायच्या, कायमच्या, काही न विचारता.

मग त्या घरात जे सुरू झालं ते वहिनी मला फोनवर सांगायच्या. सर दार उघडेनात. कुणी आलं की खिडकीतनं विचारायचे, "मागायला आलाय का सहज?" सकाळी गल्लीत रद्दीवाला ओरडायला लागला की कानांत कापूस घालायचे. वहिनी म्हणाल्या, "मी यांना म्हटलं, मग नियम मोडा की एकदा. कोण बघतंय? तर म्हणतात, अंबादासच्या चपला, तुझा कुकर, तुझं घड्याळ, सगळं तिसऱ्याला दिलं. आणि माझ्या जिवाची वस्तू आली की थोरलाच व्हायचं? मग इतकी वर्षं मी काय केलं?" मग म्हणाल्या, "बाई, जेवण कमी झालंय हो त्यांचं."

स्टाफरूममध्ये चर्चा झाली. वह्या रद्दीवाल्याच्या गाडीवर जायच्या आत आपल्यातलं कुणीतरी तिसरं व्हावं, असं ठरलं. मी म्हटलं, मी होते तिसरी. माझा बेत सरळ होता. वह्या मागायच्या, झेरॉक्स काढायची, बांधून घ्यायची आणि मूळ वह्या सरांना परत आणून द्यायच्या. दिलेलं परत घेत नाहीत म्हणाले, तर वहिनींच्या हातात द्यायच्या. खरं सांगते, त्यांचं पुढं पुस्तक निघालं तर त्यावर संकलन म्हणून आपलं नाव कसं दिसेल, हेही एकदा मनात येऊन गेलं. माणूसच आहे मी.

रविवारी दुपारी गेले. वहिनींनी दार उघडलं. सर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पुढ्यात सूप घेऊन शेंगा सोलत बसले होते. बरेच वाळले होते. मला बघितलं आणि त्यांचा हात थांबला.

"बाई," ते म्हणाले, "बसा. पण मागू नका."

"सर, मी अजून काही—"

"मला माहीत आहे तुम्ही का आलाय. तुम्ही चांगल्या मनानं आलाय. पण तुम्ही मागितलं की मला उठावं लागेल.  अजून माझं मन झालेलं नाही."

 मला स्वतःची लाज वाटली. एवढा आयुष्यभर देत आलेला माणूस, आणि मी त्याला कोपऱ्यात गाठायला आले होते. मी म्हटलं, "वहिनी, पाणी द्या मला."

"पाणी मोजत नाहीत," सर लगेच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

मी पाणी पीत होते तेवढ्यात दार वाजलं. वहिनींनी उघडलं. दारात नऊवारी लुगड्यातली एक म्हातारी उभी होती, डोळ्यांना काळा चष्मा, हातात छोटं बोचकं. मागं तिची सून. म्हातारीनं चौकटीला हात लावून आत तोंड केलं. "हत्तुरे गुरुजी हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

सर आवाजावरनंच उभे राहिले. "म्हाळसाबाई."

म्हाळसाबाई म्हणजे नातेपुत्याजवळच्या एका वाडीतल्या मेंढकरी बाई. सर नोकरीला लागले ते आमच्या संस्थेच्या तिकडच्या शाखेवर, आणि गोष्टी लिहून घ्यायचं वेड त्यांना या बाईंपाशी बसून लागलं. हे नाव मी सरांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. माणूस आज बघत होते.

"डोळ्याचं आपरेशन केलं हितं," म्हाळसाबाई टेकत म्हणाल्या. "आता लई ब्येस दिसतंय. पर डोस्क्यातलं दिसंना झालंय गुरुजी." त्यांनी बोचकं पुढं सारलं. "बाजरी हाय. मोकळ्या हातानं कसं यायाचं."

वहिनींनी चहा ठेवला. चहा होईपर्यंत त्यांनी पाहुणीला सरांच्या तीन भावांचं, कुकरचं, घड्याळाचं सगळं सांगून टाकलं. वह्यांचं तेवढं त्या बोलल्या नाहीत. म्हाळसाबाई मान हलवत ऐकत होत्या. मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "माझी पणती लई द्वाड हाय. रोज म्हंती, आज्जे, तीन भावाची सांग. मी सांगती. हिरीवर म्हातारी भेटती, भाकर मागती. थोरला न्हाय म्हंतो, मधला न्हाय म्हंतो, धाकला देतो. मग म्हातारी पदराखालनं काय काडती, त्येच मला आठवंना. पोर रुसून बसती. काय करू?" त्या सरांकडं वळल्या. "तुमी समदं लिवून घेतलं व्हतं की. ती माझी गोष्ट माझी मला द्या गुरुजी."

 वहिनींनी माझा हात धरला.

सर उठले. मांडीवरची टरफलं खाली पडली. त्यांनी टोपी नीट केली आणि आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. चादरीचं गाठोडं घेऊन ते बाहेर आले आणि दोन्ही हातांनी त्यांनी ते म्हाळसाबाईंच्या मांडीवर ठेवलं. "घ्या," म्हणाले. 

"येवडं?"

"त्यातल्या पहिल्या तुमच्याच. बाकीच्या तुमच्यामुळंच जमल्या."

म्हाळसाबाईंनी मोरावरनं हात फिरवला. "मला वाचाया कुटं येतंय. तुमीच वाचा."

सरांनी पहिली वही काढली. पान शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथंच उघडली. पण ते वाचेनात. मला धीर कुठला? मी त्यांच्या खांद्यावरनं वाकून बघितलं. निळ्या शाईत, तरुण वयाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "म्हातारीने भाकरी घेतली व पदराखाली हात घातला." आणि खाली कंसात, "येथे बाई मेंढरे वळवायला उठल्या. पुढील रविवारी विचारणे." त्याखाली अर्धं पान मोकळं.

"सर, पुढचं?"

"पुढचं नाही," सर म्हणाले. "त्याच आठवड्यात बदलीची ऑर्डर आली. मग जायचं राहिलं. मग इतकी वर्षं गेली की जायची लाज वाटायला लागली."

माझ्या डोक्यात इतक्या वर्षांच्या शनिवारच्या बेला एकदम वाजल्या. वेळेचं गणित या माणसाचं कधी चुकलंच नव्हतं. मुलांनी पुढचं विचारू नये म्हणून ते घड्याळ बघून गोष्ट नेमकी तिथं आणत होते.

"मंजी तुमाला बी ठावं न्हाय?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"नाही."

"धाकल्याला काय मिळतंय त्ये ठावं नसताना तुमी ह्या बाईचा कुकर दिऊन बसला?"

"हौद्री," सर खाली मान घालून म्हणाले. गोंधळले की त्यांच्या तोंडात 'हो'सुद्धा कानडीतच येतं.

म्हाळसाबाई हसायला लागल्या. अंग हलवून, चष्मा धरून हसल्या. सून म्हणाली, "आत्याबाई, डोळ्यावर ताण यील," तर तिलाच हसू फुटलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "मला वाटायचं, यांना आतली काहीतरी गोष्ट ठाऊक आहे. तरीच इतकं बिनघोर देतात. म्हणून मी गप्प राहिले हो इतकी वर्षं." सर सगळ्यांकडं बघत होते, आणि बऱ्याच महिन्यांनी तेही हसले.

हसणं ओसरल्यावर म्हाळसाबाईंनी गाठोडं उचलून सरांपुढं ठेवलं. "माज्या हायत, पर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. माज्याकडं उंदरं लई. रविवारी घिऊन येत जावा. बसून आठवू. पोरीला बी ऐकाया हुईल."

सरांनी वहिनींकडं बघितलं. रविवार त्यांचा नव्हता.

म्हाळसाबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, "बाई, ह्येंचा रविवार द्या की मला."

वहिनींनी खिडकीकडं तोंड केलं आणि जाड आवाजात म्हणाल्या, "नाही."

 काय चाललंय ते मला उमगलं. मी घसा साफ केला. "वहिनी, सरांचा रविवार द्या की."

वहिनींनी मान खाजवली. "दिला असता हो बाई, पण शेंगा राहिल्यात ना सोलायच्या."

मग आम्ही सगळ्याजणी सरांकडं बघायला लागलो. आयुष्यात त्यांनी कुणाकडं काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं. त्यांना ते येत नव्हतं. टोपी काढली, परत घातली. शेवटी बारीक आवाजात म्हणाले, "महानंदा, माझा रविवार मला देतेस का?"

वहिनी उठल्या. पदर नीट केला. सरांच्या पुढ्यातलं शेंगांचं सूप दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या."

मी माझी पर्स उचलली आणि घरी आले. वह्यांचं मी पुन्हा कधी काढलं नाही. आता मोठ्या बाई किंवा भाचा किंवा आणखी कुणी विचारलं तर सर मोकळेपणानं सांगतात, "माझ्या नाहीत हो त्या. म्हाळसाबाईंच्या आहेत. त्यांना विचारा." दार सताड उघडं असतं. जेवण परत वाढलंय, असं वहिनींचं म्हणणं.

मधे एका रविवारी सकाळी अक्कलकोटला जायला म्हणून मी स्टँडवर गेले, तर शेजारी लागलेल्या गाडीत दोघं दिसली. वहिनी आतल्या बाजूला, मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. सर खिडकीशी, मांडीवर मोराचं गाठोडं. "घरी एकटी बसून काय करू," वहिनी म्हणाल्या. "आणि ती म्हातारी माझ्याशी पण बोलते."

मी खिडकीखाली उभी राहून विचारलं, "आठवलं का सर? म्हातारीनं काय दिलं?"

"दर रविवारी वेगळंच सांगतात," सर म्हणाले. "आधी म्हणाल्या घोंगडं दिलं. मग म्हणाल्या कोंबडी, सोन्याची नव्हे, साधी, पण रोज अंडं देणारी. गेल्या खेपेला म्हणाल्या, काही न्हाय दिलं. पदराखालनं पदराचंच टोक काढलं, तोंड पुसलं, भाकरी खाल्ली आणि तितंच हिरीवर निजली."

"आणि धाकटा?"

"तो थोडा वेळ बसला म्हणे तिच्या बाजूला. ऊन होतं. त्याची सावली तिच्यावर पडत होती, म्हणून उठला नाही." सरांनी गाठोड्यावर हात ठेवला. "मी लिहून घेतलंय. त्या अर्ध्या पानात बरोबर मावलं. म्हाळसाबाई म्हणतात पेन्सिलनं लिवा, पुढच्या रविवारी बदलंल. पण मला हाच शेवट आवडला."

तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं आली आणि वळली, तशी सकाळची उन्हाची तिरीप खिडकीतनं थेट वहिनींच्या तोंडावर आली. त्यांनी डोळे मिटून घेतले. सरांनी गाठोड्यातनं एक लाल वही काढली आणि खिडकीला आडवी धरली. गाडी गेटाबाहेर पडेपर्यंत त्यांचा तो हात खाली आला नाही.